जुबेदाभाभींच्या खोलीतली हवा

"हा वास कसला?" जुबेदाभाभींनी नाकाला पदर लावून विचारलं.

"ताज्या हवेचा!" आमच्या कंपनीचे बापटसाहेब खुशीत म्हणाले. "डोंगरावर गेल्यावर येतो ना, अगदी तसा."

मला काही तो डोंगरावरचा वास वाटला नाही. आमच्या कंपनीच्या शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, वेल्डिंग चालू असलं की जो यायचा, तो वाटला. पण साहेब रंगात आले होते. पलंगाशेजारच्या स्टुलावर एक कोरं करकरीत जर्मन मशीन होतं. रेडिओएवढं. पुढे जाळी, आत निळसर उजेड, आवाज जवळजवळ नाहीच. साहेबांच्या मेहुण्याने ते परदेशातून आणलं होतं आणि साहेबांना त्याची एजन्सी घ्यायची होती. हवा शुद्ध करणारं मशीन, तेही झोपण्याच्या खोलीसाठी! सत्तरचं दशक संपत आलं होतं. चिंचवडमध्ये तेव्हा लोकांच्या घरी फ्रिज आला तरी शेजारी बघायला यायचे.

मी तिथे कशी पोहोचले ते आधी सांगते.

भोसरीला आमची छोटी कंपनी होती. आम्ही डस्ट कलेक्टर बनवायचो. कारखान्यात जिथे घासकाम चालतं तिथे धूळ उडते. ती उडते तिथेच पाइपाचं तोंड लावून ओढून घ्यायची, कापडी पिशव्यांतून गाळायची आणि स्वच्छ हवा बाहेर सोडायची, एवढंच ते काम. मी तिथली एकुलती एक बाई इंजिनिअर. सांगवीहून बसने यायचे आणि दिवसभर ड्रॉइंग बोर्डवर असायचे. साइटवर मला कोणी पाठवत नसे. "तिथे बाईमाणूस कसं पाठवायचं?" असं साहेब म्हणायचे. वाईट हेतूने नाही, पण म्हणायचे.

आमचे डक्ट युसुफभाई शेख बनवायचे. डक्ट म्हणजे हवा वाहून नेणारा पत्र्याचा बोगदा. युसुफभाईंची शेड आमच्यापासून हाकेच्या अंतरावर होती. एका सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलापाशी आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"ताई, खोलीतली हवा साफ करायचं मशीन असतं का हो?"

"कुठल्या खोलीतली?"

"झोपायच्या. आमच्या घरातली."

मग हळूहळू सगळं कळलं. त्यांची बायको जुबेदा चिंचवडच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवायची. तिला दमा होता. दिवसा शाळेत बरी असायची. घरी झोपून उठली की छाती भरलेली, दोन शब्द बोलायचे तरी मध्ये थांबावं लागायचं. घर वरच्या मजल्यावर आणि घराच्या मागे फाउंड्री. फाउंड्रीत वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओततात. ती वाळू आणि काजळी रोज त्यांच्या खिडकीत येऊन बसायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वच्छ हवेत झोपा नाहीतर जागा बदला. जागा बदलणं म्हणजे जुन्नर, तिचं माहेर. रविवारी तिचे भाऊ तिला घेऊन जायला येणार होते.

"गेली की शाळा सुटली, ताई," युसुफभाई म्हणाले. "मुलींना शिकवणं हाच तिचा जीव आहे. दम्याचं ती काही बोलत नाही. शाळेचं निघालं की रडते."

साहेब पार्टिशनच्या पलीकडे होते. ते सगळं ऐकून बाहेर आले आणि त्यांचे डोळे चमकत होते.

"बेडरूम! सुलभा, आपण इतकी वर्षं कारखाने कारखाने करत बसलो. या देशात बेडरूम किती असतील?"

"साहेब, या एका बेडरूमचं बघू या आधी."

"बघू ना! माझ्याकडे मशीन आहे. तू पण चल. घरातल्या बायकांच्या खोलीत आमचे फिटर कसे घुसणार?"

अशी मी त्याच संध्याकाळी माझ्या पहिल्या साइटवर गेले. खरं सांगायचं तर त्या आनंदात मी टेप ऑफिसातच विसरले आणि खोली पावलांनी मोजली.

आणि आता त्या खोलीत तो वास येत होता.

जुबेदाभाभी तिशीच्या आतबाहेरच्या. सडपातळ, चष्मा लावणाऱ्या, बोलणं शुद्ध आणि नेमकं. त्या मशीनभोवती एक फेरी मारून आल्या.

"हे काम करतंय हे आपल्याला कळणार कसं?" त्यांनी विचारलं.

"शांत झोप लागली की कळेल," साहेब म्हणाले.

"झोप तर औषधानेही लागते." त्या थोडं थांबल्या, श्वास घेतला. "आज हे बंद ठेवू या. काचपट्टीवर व्हॅसलीनचा हात फिरवून ती उशाशी ठेवते. हवेतली धूळ तिला चिकटेल. उद्या मशीन चालू करून दुसरी पट्टी ठेवते. शाळेत मायक्रोस्कोप आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघू."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसू दाबत होते. कारखान्यातले मोठमोठे साहेब आमचं मशीन घेताना फक्त रंग कोणता म्हणून विचारायचे. इथे पहिल्यांदा कोणीतरी परीक्षा घेत होतं! मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

बुधवारी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या प्रयोगशाळेत गेले. भाभींनी पहिली पट्टी लावून दिली. मी डोळा लावला आणि हबकलेच. काळे टोकदार कण, रस्त्यावर खडी टाकावी तसे पसरलेले. धुळीच्या कंपनीत काम करूनही धूळ अशी मी कधी पाहिली नव्हती. मग दुसरी पट्टी, मशीन चालू असतानाची. कण थोडे कमी होते. थोडेच.

"आणि घसा सोलवटल्यासारखा झालाय," भाभी म्हणाल्या. "खोकला वाढला. अजून एक गंमत आहे. संध्याकाळी घरी या, दाखवते."

गंमत भिंतीवर होती. मशीनच्या मागे पांढऱ्या चुन्यावर काळपट ढग उमटला होता. युसुफभाईंच्या आईने, अम्मींनी, तो फडक्याने पुसायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे आणखीच पसरला होता.

मला एकदम उलगडा झाला. ते मशीन धुळीला विजेचा भार द्यायचं. असा भार मिळालेला कण जवळ जे काही असेल त्याला जाऊन चिकटतो. भिंत, चादर, उशी, काहीही.

"मलाही?" भाभींनी विचारलं.

"तुम्हालाही. आणि तो वास ओझोनचा, हे मशीन विजेने तो वायू तयार करतं. दम्याच्या माणसाला तो चालायचा नाही. आत्ताच्या आत्ता बंद करा."

मशीन बंद झालं. आता हे साहेबांना सांगायचं होतं.

"जर्मन लोक काय मूर्ख आहेत?" साहेब कडाडले.

"त्यांच्या बेडरूममागे फाउंड्री नसेल, साहेब."

"तू तीन वर्षं ड्रॉइंग काढतेस. त्यांचे इंजिनिअर..."

"भिंत बघायला चला."

ते आले. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बराच वेळ पाहत राहिले. बापटसाहेबांचं हे मला कायम मानावंसं वाटत आलं. ते आरडाओरडा करायचे, पण डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचे नाहीत. जिना उतरताना तोंड पाडून म्हणाले, "मग तू काय देणार त्यांना? शनिवारपर्यंत काहीतरी करून दाखव. शॉपमधलं हवं ते घे."

त्या वाक्याने मला पंख फुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोर्डवर खोलीचं चित्र काढून बसले. खोलीतली हवा ओढायची, गाळायची आणि परत खोलीत सोडायची, असा सरळ विचार होता. पण खिडकीच्या फटीतून, दाराखालून नवी धूळ येतच राहणार. जेवढी काढू तेवढी परत येणार. मी पेन्सिल चावत बसले होते.

आणि मग मला गेज रूम आठवली. महिन्यापूर्वी आम्ही एका मोटारींच्या कारखान्यात काम केलं होतं. तिथे मापं तपासायची नाजूक उपकरणं एका खोलीत ठेवतात आणि तिथे धुळीचा कणही चालत नाही. त्या खोलीतली हवा आम्ही साफ केलीच नव्हती. बाहेरची हवा गाळून आत ढकलली होती, थोडी जास्तच. त्यामुळे खोली फुगल्यासारखी राहते. सायकलच्या पंक्चर ट्यूबचं बघा. भोकातून हवा बाहेर येत असते तोवर बाहेरची धूळ आत कशी शिरेल? तसंच खोलीच्या प्रत्येक फटीतून हवा बाहेरच जाते. गेज रूमला जमतं तर बेडरूमला का नाही?

मी इतक्या जोरात उठले की स्टूल आडवं झालं. सगळी शॉप माझ्याकडे बघायला लागली.

"युसुफभाईंना बोलवा!" मी ओरडले.

युसुफभाईंनी माझं चित्र पाहिलं, हातातली कामं बाजूला सारली आणि पत्रा कापायला घेतला. एक मोठी पेटी, तिच्यात आधी जाड फिल्टर आणि मागे एक बारीक, औषधांच्या कारखान्यात वापरतात तसल्या जातीचा. फिल्टर मी मुद्दाम मोठे घेतले. चाळणी मोठी असली की हवेला घाई करावी लागत नाही आणि गाळण चांगलं होतं. पेटी घराच्या पुढच्या गॅलरीत ठेवायची, फाउंड्रीच्या विरुद्ध बाजूला. मागची खिडकी कायमची बंद करायची. पुढच्या खिडकीत प्लायवूड बसवून त्यातून डक्ट आत घ्यायचा.

त्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ब्लोअर लावून बटण दाबलं. ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंखा. आमच्याकडे होता तो ग्राइंडिंग मशीनवर लावायचा, लहान आणि भयंकर वेगाचा. त्याने अशी किंकाळी फोडली की खालच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली.

"अरे बेटी," अम्मी कानांवर हात ठेवून म्हणाल्या, "ये बिमार को सुलाने का मशीन है कि पिठाची गिरणी?"

भाभी हसल्या, मग खोकल्या. मीही हसले आणि बटण बंद केलं.

शुक्रवारी सकाळी शॉपमध्ये मी आमचे फिटर गव्हाणे यांना गाठलं. ते मूळचे भोसरीचेच. एका गिऱ्हाइकाकडून परत आलेला एक थोराड ब्लोअर कोपऱ्यात पडून होता.

"गव्हाणे, याचं चाक मोठं आहे. हे सावकाश फिरवलं तर तेवढीच हवा देईल आणि ओरडणार नाही. पुली बदलता येईल?"

"व्हय की. पर हा धा घोड्यांचा गडी, त्याला गोगलगाय करायची म्हणता?"

"गोगलगायच करायची."

"करू मग. त्यात काय न्हाई."

त्यांनी मोटर लहान लावली आणि पुली मोठी. ब्लोअरखाली रबराचे ठोकळे दिले. ब्लोअर आणि डक्ट यांच्या मध्ये आम्ही कॅनव्हासचा तुकडा शिवला, म्हणजे थरथर डक्टमध्ये जाणार नाही. डक्टच्या आतून युसुफभाईंनी आवाज शोषून घेणारा जाड लोकरी नमदा चिकटवला. शनिवारी दुपारी सगळं वर चढवलं. बटण दाबलं. घूं... असा मंद आवाज, दूरवर कुणीतरी विहिरीवर पंप लावल्यासारखा. अम्मींनी कान देऊन ऐकलं आणि मान हलवली.

"चलेगा."

आता खरी परीक्षा. खोली खरंच फुगली आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. मी दार लावून घेतलं, उदबत्ती पेटवली आणि दाराच्या खालच्या फटीशी धरली. हवा बाहेर जात असेल तर धूर फटीतून बाहेर ओढला जायला हवा.

धूर सरळ वर गेला.

मी उदबत्ती हलवली, परत धरली. सरळ वर. युसुफभाई, भाभी आणि साहेब, तिघंही माझ्या हाताकडे बघत होते. साहेब ऐनवेळी "मी नुसता बघायला आलोय" म्हणत आले होते.

"डक्टमधून हवा आत येतेय," मी म्हणाले, "म्हणजे कुठूनतरी निसटतेय. मोठं भोक आहे कुठेतरी."

आम्ही चौघं भिंती चाचपायला लागलो. भोक सापडलं साहेबांना. ते पायाचे बूट काढून स्टुलावर चढले, कपाटावर वाकले आणि ओरडले, "सुलभा! इथे वर अख्खा झरोका आहे!" जुन्या घरमालकाने कधीतरी केलेला, कपाटामागे दडलेला. अम्मींनाही तो आठवत नव्हता. युसुफभाईंनी पत्रा ठोकला, भाभींनी खळ शिजवून कडेने कागद चिकटवला. खळ घोटणं आणि उंचावर कागद चिकटवणं, दोन्ही दम लागण्याची कामं. पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही.

युसुफभाई दाराबाहेर जाऊन उभे राहिले आणि मी पुन्हा उदबत्ती धरली. धुराची रेघ थरथरली, आडवी झाली आणि दाराखालून सरळ बाहेर निघून गेली.

"गेला! बाहेर गेला!" युसुफभाई दारापलीकडून ओरडले. साहेबांनी स्टुलावरूनच टाळ्या वाजवल्या. भाभींनी माझ्या हातातून उदबत्ती घेतली आणि खिडकीपाशी, कडीपाशी, चौकटीपाशी धरून पाहिली. सगळीकडे धूर बाहेर. त्या लहान मुलीसारख्या खोलीभर फिरत होत्या. मी नोकरीत पुढे मोठमोठी कामं केली. त्या धुराच्या रेघेएवढा आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

रविवारी सकाळी मी न राहवून त्यांच्या घरी गेले. भाभींचे भाऊ जुन्नरहून आले होते. उंच, गंभीर गृहस्थ, खुर्चीच्या कडेवर बसलेले. भाभी पलंगावर होत्या आणि खोकत होत्या.

मी आधी ब्लोअर चालू आहे ना ते बघितलं.

"आधीपेक्षा कमी आहे," त्या घाईने म्हणाल्या. "पण आहे."

"बहन, बस झालं," भाऊ म्हणाले. "या लोकांनी मेहनत केली, मान्य. पण इथली हवाच तुला सोसत नाही. बॅग भर."

"भाईजान, पट्टी तरी बघू दे."

मुख्याध्यापिकांना विचारून भाभींनी मायक्रोस्कोप घरी आणला होता. उशाजवळची काचपट्टी त्यांनी खाली सरकवली, डोळा लावला आणि पट्टी इकडून तिकडे सरकवून पाहिली. मग मला खुणेने बोलावलं.

मी पाहिलं. काळे कण जवळजवळ नाहीसे झाले होते. शोधून एखादा सापडत होता. पण सगळीकडे दुसरंच काहीतरी होतं. पांढरे, पिळलेले, बारीक धागे.

"हे फाउंड्रीचं नाही," मी म्हणाले.

"नाही," भाभी म्हणाल्या. "हा कापूस आहे. नववीला शिकवते मी." आणि त्यांनी वळून गादीवर जोरात हात मारला. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात पांढरी धूळ भसकन वर उठली.

गादी अम्मींनी लग्नात दिलेली. दरवर्षी पिंजून घेतलेली, दरवर्षी आतला कापूस जास्त चुरलेला. बाहेरची धूळ आम्ही अडवली होती. ही तर अंथरुणातच होती, थेट नाकाखाली. माझ्या पेटीला तिचं काहीही करता आलं नसतं.

अम्मी गादीकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं, आता त्या दुखावतील. त्यांनी युसुफभाईंना हाक मारली.

"खडा क्यूं है? उठा इसको!"

गादी गेली, उशा गेल्या, रजई गेली. खोली ओल्या फडक्याने पुसली. पलंगावर धुतलेली सतरंजी आणि चादर आली. भाभींनी भावाला फक्त एवढंच म्हटलं, "एक दिवस थांब. उद्या तू म्हणशील ते करीन." भाऊ माझ्याकडे, मग त्या ब्लोअरकडे बघत म्हणाले, "ठीक आहे. उद्यापर्यंत."

सोमवारी मी कंपनीत जायच्या आधी वाट वाकडी करून चिंचवडला उतरले. गल्लीच्या तोंडाशी पोहोचले तर समोरून भाभीच येत होत्या. खांद्याला पर्स, हातात छत्री, पाय भराभर पडत होते. मागून त्यांचे भाऊ, दोन्ही हातांत मायक्रोस्कोप धरून, पडेल की काय अशा काळजीने चालत होते.

"सुलभाताई, मला उशीर झालाय, पहिला तास माझाच आहे, पट्टी माझ्याजवळ आहे, मधल्या सुट्टीत शाळेत येऊन बघून घ्या आणि साहेबांना सांगा की झोप औषधाशिवाय लागली!"

एवढं सगळं त्या न थांबता बोलल्या. आम्हा दोघींच्याही ते एकदमच लक्षात आलं. रस्त्यातच त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग शाळेची घंटा ऐकू आली आणि त्या अक्षरशः पळाल्या. भाऊ म्हणाले, "हिला पळताना मी शेवटचं ही शाळेत शिकत असताना पाहिलं होतं," आणि मायक्रोस्कोप सांभाळत तेही त्यांच्या मागे गेले. संध्याकाळच्या एस.टी.ने ते एकटेच जुन्नरला परतले.

दमा काही गेला नाही. थंडीत भाभींना औषध लागायचंच. फिल्टर महिन्याला धुवावा लागायचा आणि वीज गेली की ब्लोअर थांबायचा आणि सगळे बंद खिडकीकडे बघायचे. पण शाळा सुटली नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलींच्या मुली त्यांच्या वर्गात होत्या.

जर्मन मशीन साहेबांनी मेहुण्याला परत दिलं. आमच्या पेटीवर त्यांनी मोठी स्वप्नं रचली. तिला 'सुखनिद्रा' असं नावही दिलं. थोड्या विकल्या गेल्या. फार नाही, कारण गॅलरीत एवढा मोठा पत्र्याचा डबा कोणाला आवडणार? मग साहेब एक काचपट्टी खिशात घालून त्या फाउंड्रीच्या मालकाकडे डस्ट कलेक्टर विकायला गेले. मालकाने ती उजेडात धरून पाहिली आणि विचारलं, "ही धूळ माझीच कशावरून?" पुढे काही वर्षांनी त्याने कलेक्टर घेतला. आमच्याकडून नाही घेतला. मला मात्र जुबेदाभाभींच्या त्या आठवड्यापासून साहेब साइटवर पाठवायला लागले, फाउंड्रीतसुद्धा.

आता मी निवृत्त आहे. ओळखीचे लोक मला विचारतात, बेडरूमसाठी कोणता प्युरिफायर घेऊ? मी सांगते, आधी गादी बदला, खोलीला भोकं कुठे आहेत ती शोधा, मग दुकानात जा. सगळे मान डोलावतात, आभार मानतात आणि थेट दुकानात जातात.